माजी सैनिकासाठी मेंदूचे चुंबकीय उद्दीपन : घरच्यांनी तयारी कशी करावी

माझे थोरले बंधू तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावी परतल्यावर चौथ्या वर्षी त्यांचे बोलणे कमी झाले, झोप तुटली, शेताकडे जाणे बंद झाले. एकापाठोपाठ एक दिलेल्या दोन औषधांनी पुरेसा फरक पडला नाही, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी ‘आरटीएमएस’ म्हणजे चुंबकीय उद्दीपनाचा पर्याय सुचवला. त्या दिवशी घरात जो शब्द फिरला तो ‘शॉक’ हा होता. “ह्यांना शॉक देणार आहेत,” असे वहिनींनी माहेरी फोनवर सांगितले आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या भावकीला ते कळले. दादांनी स्वतः काहीच विचारले नाही. “डॉक्टरसाहेब म्हणतील ते करू,” एवढेच ते म्हणाले. आयुष्यभर आदेश पाळलेल्या माणसाच्या अशा होकाराला संमती समजू नये, हे मला फार उशिरा उमगले. उपचार सुरू होण्यापूर्वी आम्ही काय विचारायला हवे होते, कोणते कागद शोधायला हवे होते आणि ते सहा आठवडे घरी कसे पार पाडायला हवे होते, ते येथे लिहिले आहे. अनुभव आमच्या घरातला असला तरी उपचाराविषयीची माहिती प्रस्थापित वैद्यकीय ज्ञानाला धरून आहे. अंतिम निर्णय अर्थातच रुग्ण आणि त्याचे मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो.

हा उपचार म्हणजे काय, आणि काय नाही

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी ते वाचले आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हेच तत्त्व माणसाच्या मेंदूवर वापरले. डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर तीव्र प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते कवटीतून विनासायास आत जाते आणि खालच्या मेंदूच्या पेशींत अतिशय लहान प्रवाह उमटवते. या क्षेत्राची ताकद साधारण दीड ते दोन टेस्ला असते, म्हणजे एमआरआय यंत्राच्या जवळपास, मात्र ती एका लहानशा जागेपुरती आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती असते. नेहमीच्या कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. नैराश्यामध्ये बहुतेक वेळा कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या रेषेच्या थोडे मागे असलेल्या भागावर हे स्पंद, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचे क्षणिक ठोके, दिले जातात. लक्ष, निर्णय आणि मनःस्थिती यांच्याशी त्या भागाचा संबंध आहे आणि तेथून मेंदूतील खोलवरच्या भावनिक केंद्रांपर्यंत जोडण्या जातात. तेथील पेशींना रोज ठरावीक लयीत चालना दिल्याने ते जाळे हळूहळू पुन्हा नीट काम करू लागते, अशी या उपचारामागची धारणा आहे.

ज्याला आपण ‘शॉक’ म्हणतो तो उपचार, म्हणजे ईसीटी, पूर्णपणे वेगळा आहे. त्यात भूल देऊन विद्युतप्रवाहाने मुद्दाम, नियंत्रित झटका, म्हणजे फिट, आणली जाते आणि काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. चुंबकीय उद्दीपनात भूल नसते, रुग्ण पूर्ण जागा असतो, झटका आणायचा नसतो, उलट तो येऊ नये याचीच काळजी घेतली जाते आणि सत्र संपल्यावर माणूस आपल्या पायांनी घरी जातो. तरीही ईसीटीला कमी लेखू नये. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, त्याला भास होत असतील किंवा जीव देण्याचा धोका अगदी समोर असेल, तर चुंबकीय उपचाराचे सहा आठवडे वाट पाहायला वेळ नसतो आणि तेथे ईसीटीच अधिक परिणामकारक ठरते. आणखी एक खुलासा करतो, कारण आमच्याच गावात एकाने दादांना चुंबकीय गादी घेण्याचा सल्ला दिला होता. बाजारात मिळणाऱ्या चुंबकीय गाद्या, पट्टे आणि कडी यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. स्थिर चुंबकाने मेंदूत प्रवाह निर्माण होत नाही.

कोणत्या आजारासाठी, हे सर्वांत आधी विचारा

माझ्या मते सगळ्या तयारीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो विचारायलाच लोक संकोचतात. माजी सैनिकाच्या बाबतीत नैराश्य आणि भयंकर घटनेनंतर जडणारा आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे दोन आजार वारंवार एकत्र आढळतात. घरच्यांना दोन्हींतून एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे माणूस पूर्वीसारखा राहिलेला नाही. परंतु या दोन आजारांसाठी चुंबकीय उपचाराचा पुरावा सारखा भक्कम नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये या उपकरणाला मान्यता दिली, तर मंत्रचळ म्हणजे ओसीडीसाठी ती २०१८ मध्ये मिळाली. पीटीएसडीसाठी मात्र अशी मान्यता मिळालेली नाही. माजी सैनिकांवर या उपचाराचा सर्वाधिक वापर आणि अभ्यास अमेरिकेच्या माजी सैनिक आरोग्यसेवेत झाला आहे. त्या देशाच्या माजी सैनिक विभागाने आणि संरक्षण विभागाने मिळून काढलेल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, दोन किंवा अधिक औषधे योग्य रीतीने वापरूनही गुण न आलेल्या नैराश्यासाठी हा उपचार सुचवला आहे. त्याच दोन विभागांच्या २०२३ च्या पीटीएसडीविषयक सूचनांत मात्र, बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी तर प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांत, उपचारांना दाद न देणारे नैराश्य असलेले १६४ माजी सैनिक त्यात होते आणि पीटीएसडी किंवा व्यसनाचा इतिहास असलेल्यांनाही त्यातून वगळलेले नव्हते. निम्म्यांना खरे उद्दीपन मिळाले आणि निम्म्यांना तसाच आवाज व तशीच संवेदना देणारे पण निष्क्रिय उद्दीपन मिळाले. शेवटी आजार पूर्ण उतरलेल्यांचे प्रमाण खऱ्या गटात सुमारे ४१ टक्के आणि निष्क्रिय गटात सुमारे ३७ टक्के निघाले, म्हणजे दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. हे वाचून मी प्रथम खचलो होतो. परंतु त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, वर्षानुवर्षे आजारी असलेल्या या माणसांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जण दोन्ही गटांत बरे झाले. रोज ठरावीक वेळी उठून जाणे, तेथे कोणीतरी नावाने हाक मारून विचारपूस करणे आणि आपल्यासाठी काहीतरी केले जात आहे असे वाटणे, यांचाही त्यात मोठा वाटा असावा, असा अर्थ त्या निष्कर्षातून काढला गेला. मला तो पटतो. म्हणूनच उपचाराच्या काळात घरच्यांनी काय करावे, याविषयी पुढे मी अधिक लिहिले आहे.

त्यानंतर २०२२ मध्ये त्याच आरोग्यसेवेतील ७७० माजी सैनिकांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत नैराश्यात उपचाराला चांगला प्रतिसाद देणारे सुमारे ४१ टक्के आणि पूर्ण उतार पडलेले सुमारे २० टक्के होते. पीटीएसडीही असलेल्यांपैकी अनेकांची त्या आजाराची लक्षणेही कमी झाली. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी निष्क्रिय गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे.

यावरून कुटुंबाने काय करावे? डॉक्टरांना सरळ विचारावे की निदान काय आहे, हा उपचार त्यातील कोणत्या आजारासाठी देणार आहात आणि दुसऱ्या आजारासाठी वेगळे काय करणार आहात. पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित मानसोपचार, ज्यात प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर त्या घटनेला आणि तिच्याभोवतीच्या विचारांना टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे असते, हा आजही पहिल्या पसंतीचा उपचार आहे. चुंबकीय उद्दीपन त्याच्या जोडीला येऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. एका खासगी केंद्राने आम्हाला “पीटीएसडी मुळापासून जाईल, गॅरंटी देतो” असे सांगून पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ मागितले होते. तेथून आम्ही उठून आलो, याचे मला आजही समाधान वाटते. कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरला मनाच्या आजारात हमी देता येत नाही.

औषधे ‘लागू पडली नाहीत’ म्हणजे काय, हेही तपासावे. योग्य मात्रेत सहा ते आठ आठवडे घेतलेले औषध मोजायचे. पंधरा दिवस घेऊन सोडलेले, किंवा बरे वाटले की बंद आणि वाईट वाटले की चालू अशा पद्धतीने घेतलेले औषध त्यात धरता येत नाही. दादांच्या गोळ्यांची पाकिटे आम्ही मोजली तेव्हा पहिल्या औषधाच्या जवळपास निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या. डॉक्टरांना ते सांगितल्यावर त्यांनी आधी ते औषध पूर्ण काळ देऊन पाहिले आणि मगच पुढचा निर्णय घेतला.

धातू, स्फोट, कान आणि दारू

सैनिकाची पूर्वतपासणी सामान्य नागरिकापेक्षा वेगळी असायला हवी. छापील प्रश्नावलीत ‘डोक्यात धातू आहे का’ असा प्रश्न असतो आणि बहुतेक माजी सैनिक ‘नाही’ असे उत्तर देतात, कारण जखम भरून वीस वर्षे झालेली असतात. स्फोटातील किंवा गोळीचे बारीक तुकडे टाळूखाली, डोळ्याच्या खोबणीत किंवा मानेत राहून गेलेले असू शकतात आणि चुंबकीय क्षेत्रात असा तुकडा तापण्याची किंवा हलण्याची शक्यता असते. कॉइलपासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत न काढता येणारा, चुंबकाला प्रतिसाद देणारा किंवा वीज वाहून नेणारा धातू असेल तर हा उपचार सहसा देत नाहीत. कानात बसवलेले कॉक्लियर इम्प्लांट आणि मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली धातूची क्लिप यांचाही त्यात समावेश होतो. पेसमेकर किंवा हृदयाचे ठोके सांभाळणारे दुसरे उपकरण असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दातांत भरलेले सिमेंट किंवा चांदी यांची सहसा अडचण होत नाही, पण तेही सांगावे.

यासाठी सेवेतील वैद्यकीय कागद बाहेर काढावेत. मेडिकल बोर्डाची कार्यवाही, जखमेचा अहवाल, लष्करी रुग्णालयातून सुटी झाल्याचे कागद, जे असेल ते सर्व. आमच्या घरी हे कागद काळ्या ट्रंकेत, गणवेशाच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत होते आणि त्यांतील एका कागदावर दादांच्या भुवईजवळच्या जखमेची नोंद होती. ती जखम त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. डॉक्टरांनी तो कागद पाहताच कवटीचा एक्स-रे काढायला सांगितला आणि आत काही नाही याची खात्री झाल्यावरच पुढची तारीख दिली. शंका असेल तर घरच्यांनी स्वतः होऊन एक्स-रेचा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट म्हणजे डोक्याला बसलेला मार. स्फोटाच्या धक्क्याने, गाडी उलटल्याने किंवा उंचीवरून पडल्याने शुद्ध हरपली होती का, त्यानंतर कधी फिट आली होती का, घरात कोणाला फेफरे आहे का, हे सांगणे अत्यावश्यक आहे. या उपचारातील सर्वांत गंभीर धोका झटका येण्याचा आहे. योग्य तपासणी झालेल्या रुग्णांत तो अतिशय क्वचित, हजारात एकापेक्षाही कमी जणांना येतो, परंतु मेंदूला जुनी इजा, फेफऱ्याचा इतिहास, रात्रीचे जागरण आणि काही औषधे यांमुळे ही शक्यता वाढते. बुप्रोपियॉन आणि क्लोझापिन ही त्यांतली दोन ठळक औषधे. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी द्यावी, आयुर्वेदिक काढा आणि दुकानातून आणलेली झोपेची गोळीही त्यात लिहावी.

दारूबद्दल घरचे लपवतात आणि रुग्णही लपवतो. कॅन्टीनमधून येणारी रम हा आमच्याकडे पाहुणचाराचा भाग आहे, त्यामुळे ती किती वाढली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रोज पिणाऱ्याने उपचार सुरू होणार म्हणून आदल्या दिवशी एकदम सोडणे हे पीत राहण्याइतकेच, किंबहुना अधिक धोकादायक असते, कारण दारू अचानक तुटल्यानेच झटका येऊ शकतो. खरे प्रमाण डॉक्टरांना सांगावे, गरज असेल तर आधी व्यसनाचा उपचार वैद्यकीय देखरेखीखाली पूर्ण करावा आणि मग या उपचाराकडे वळावे.

कानांचा प्रश्न तोफखाना, चिलखती दल आणि पायदळातील बहुतेकांना लागू पडतो. कॉइलमधून प्रत्येक स्पंदाबरोबर जोराचा टकटक आवाज येतो. कानात बोळे घालणे सक्तीचे समजावे, ते सत्रात निघाले तर हात वर करून यंत्र थांबवायला सांगावे. कानात सतत घंटानाद होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर सुरुवातीलाच श्रवणचाचणी करून ठेवावी, म्हणजे पुढे फरक पडला तर तो कळेल.

कागदपत्रे, खर्च आणि राहण्याची सोय

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकासाठी पहिला मार्ग माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा, म्हणजे एप्रिल २००३ पासून सुरू असलेल्या ईसीएचएसचा आहे. जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड घेऊन जावे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मनोविकार विभागासाठी रेफरल घ्यावे. तेथून सैनिकी रुग्णालयात किंवा पॅनेलवरील खासगी रुग्णालयात पाठवले जाते. पुण्यातील दक्षिण कमांडचे रुग्णालय आणि मुंबईतील नौदलाचे ‘अश्विनी’ ही महाराष्ट्रातील मोठी सैनिकी रुग्णालये आहेत, तेव्हा ही सोय तेथे आहे का, याची चौकशी त्याच वेळी करावी. खासगी रुग्णालय पॅनेलवर आहे म्हणजे तेथील प्रत्येक उपचार योजनेत बसतो, असे नाही. दरसूचीत नसलेल्या उपचाराला आगाऊ मंजुरी लागते, म्हणून ‘होऊन जाईल’ या तोंडी आश्वासनावर सत्रे सुरू करू नयेत, मंजुरीचा कागद हातात घ्यावा.

खासगी आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे बंधनकारक केले आहे. तरीही हा उपचार रुग्णालयात दाखल न होता घेतला जातो आणि अनेक पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्च बसत नाही, त्यामुळे कंपनीला आधी लेखी विचारावे. स्वतः खर्च करणार असाल तर दर सत्रामागे ठरवा, तीस सत्रांचे पैसे एकदम देऊ नका. यंत्राची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी आहे का, सत्र कोण देणार, त्या वेळी डॉक्टर इमारतीत हजर असतात का आणि झटका आला तर काय व्यवस्था आहे, हे चार प्रश्न विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, हे गणित खेड्यातल्या माणसासाठी सर्वांत अवघड असते. आम्ही राहतो तेथून पुण्याला रोज जाऊन येणे अशक्य होते, म्हणून दादा आणि वहिनी बहिणीकडे राहिले. ज्यांचे नातेवाईक शहरात नाहीत त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या विश्रामगृहाविषयी विचारावे. महिना निवडतानाही विचार करावा. आम्ही श्रावणात सुरुवात केली आणि मध्येच गणपती आले. घरचा गणपती सोडून राहणे दादांना जमेना, चार सत्रे बुडाली आणि सुरू झालेली लय मोडली. सुगी, लग्नसराई आणि सण टाळून सलग सहा आठवडे मोकळे काढता येतील असाच काळ धरावा.

पहिला दिवस

कायद्याने रुग्णाला उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत घेण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचाही हक्क दिला आहे. सैनिकाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते की येथे हुकूम नाही, ‘नको’ म्हणता येते आणि मध्येच ‘थांबा’ही म्हणता येते. आमच्याकडे तंत्रज्ञ मुलीने ते फार चांगले केले. तिने कॉइल आधी स्वतःच्या हातावर धरून एक स्पंद सोडून दाखवला, मग दादांच्या हातावर सोडला आणि मगच डोक्याकडे वळली. स्फोटांच्या किंवा गोळीबाराच्या आठवणींनी दचकणाऱ्या माणसाला तो आवाज अवचित ऐकवू नये, ही विनंती घरच्यांनी आधीच करून ठेवावी.

खोलीत जाण्यापूर्वी चष्मा, कानाचे यंत्र, कानातली बाळी, घड्याळ, मोबाईल आणि बँकेची कार्डे असलेले पाकीट बाहेर ठेवावे. रुग्ण दंतवैद्याच्या खुर्चीसारख्या खुर्चीत बसतो. डोक्यावर कापडी टोपी घालून खुणा करतात किंवा मापे घेतात. कॉइल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दोन वेटोळी जोडलेली असते. प्रथम ती हाताच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागावर ठेवून एकेक स्पंद देतात आणि ताकद हळूहळू वाढवतात. एका क्षणी दादांचा उजवा अंगठा आपोआप उडाला. त्यांनी हाताकडे पाहिले, मूठ मिटली, पुन्हा उघडली आणि म्हणाले, “मी हलवला नाही हा.” अंगठा जेमतेम हलतो ती ताकद म्हणजे त्या रुग्णाची पायरी, आणि उपचाराची मात्रा बहुधा तिच्या १२० टक्के ठेवतात. ही पायरी प्रत्येकाची वेगळी असते आणि औषध बदलल्यास तीही बदलू शकते, म्हणून उपचाराच्या काळात डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नये.

त्यानंतर कॉइल पुढच्या भागावर सरकवून सत्र सुरू होते. जुन्या, रूढ पद्धतीत सेकंदाला दहा स्पंद चार सेकंद, मग सव्वीस सेकंद विश्रांती, असे सुमारे साडेसदतीस मिनिटांत तीन हजार स्पंद देतात. नव्या पद्धतीत, जिला थीटा बर्स्ट म्हणतात, तीन तीन स्पंदांचे झुबके देऊन सहाशे स्पंद तीन मिनिटांच्या आसपास पूर्ण होतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४१४ रुग्णांच्या कॅनडातील चाचणीत ही छोटी पद्धत मोठ्या पद्धतीइतकीच उपयुक्त ठरली. त्यामुळे केंद्राने तीन मिनिटांचे सत्र दिले तर फसवणूक झाली असे समजू नये, कोणती पद्धत आहे एवढे विचारावे.

टाळूवर सुतारपक्षी चोच मारतो तसे वाटते. भुवई, पापणी किंवा जबडा त्या तालावर फडफडू शकतो. पहिल्या आठवड्यात डोके दुखते किंवा ती जागा हुळहुळी होते. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते आणि बहुतेकांचा हा त्रास पुढे कमी होतो. दात दुखला किंवा जबडा फार ओढला तर सहन करत बसू नये, कॉइलचा कोन किंचित बदलला तरी फरक पडतो. सैनिक दुखणे सांगत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने रोज विचारावे.

सहा आठवडे घरी

प्रत्येक रात्री पुरेशी झोप, ठरलेल्या वेळी जेवण आणि दारू नाही, एवढे तीन नियम पाळावेत. वहिनींनी शंभर पानी वही घातली होती. रोज रात्री त्या चार ओळी लिहीत, झोप किती वाजता लागली, किती वेळा मोडली, स्वतः होऊन किती वेळा बोलले आणि आज बाहेर पडले का. डॉक्टर दर आठवड्याला नऊ प्रश्नांची एक यादी भरून घेत, जिचे गुण ० ते २७ असतात. पीटीएसडी असेल तर वीस प्रश्नांची दुसरी यादी असते, तिचे गुण ० ते ८०. नैराश्याचे गुण निम्म्यावर आले तर त्याला प्रतिसाद म्हणतात आणि पाचाच्या खाली आले तर आजार उतरला असे धरतात. या गुणांबरोबर वहीतल्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या की चित्र बरेच स्पष्ट होते, कारण ‘कसे आहात’ याला दादांचे उत्तर कायम ‘ठीक आहे साहेब’ हेच असे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अनेकांना काहीच फरक वाटत नाही आणि तेथेच उपचार सोडावासा वाटतो. दादाही सोडायला निघाले होते. त्या दिवशी मी वाद घातला नाही, फक्त वहीची पहिली चार आणि शेवटची चार पाने त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्या पानांवर ‘बाहेर पडले का’ समोर रेघ होती. शेवटच्या पानांवर ‘चहाला खाली गेले’, ‘भाजी आणली’ असे लिहिले होते. त्यांना स्वतःला ते जाणवले नव्हते. सुधारणा बहुधा अशीच, रुग्णाच्या आधी इतरांना दिसते आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तिची चाहूल लागते. तिसाव्या सत्रापर्यंत काहीच बदल नसेल तर मात्र डॉक्टरांशी बसून पुढचा मार्ग ठरवावा. उपचार लागू न पडणे हा रुग्णाचा दोष नाही, हे त्याच्या समोर बोलून दाखवावे.

उपचार चालू असताना समुपदेशन चालूच ठेवावे. सत्रानंतर थेट घरी येऊन पडून राहण्यापेक्षा तासभर चालणे, जुन्या पलटणीतल्या मित्राला फोन करणे, असे काहीतरी रोजच्या कार्यक्रमात बसवावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वेळापत्रकाची वाट पाहत नाही. रुग्ण मरणाविषयी बोलू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, निरवानिरव करू लागला, किंवा अनेक दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक अगदी शांत झाला, तर पुढच्या सत्रापर्यंत थांबू नये. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती उपचार सुरू होण्यापूर्वीच दुसरीकडे ठेवावी, आणि शेतीची कीटकनाशकेही कुलपात ठेवावीत. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात तातडीने न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. सैन्यदलांतील कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी १ डिसेंबर २०२३ रोजी टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे.

तिसाव्या सत्रानंतर

सहा आठवड्यांनंतर उपचार एकदम बंद करत नाहीत. रूढ पद्धतीत पुढच्या तीन आठवड्यांत तीन, मग दोन, मग एक अशी आणखी सहा सत्रे देऊन एकूण छत्तीस करतात. औषधे किती काळ चालू ठेवायची ते डॉक्टर ठरवतात आणि बरे वाटते म्हणून ती थांबवणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. गुण अनेकांत कित्येक महिने टिकतो, काहींमध्ये वर्षभरात आजार परत येतो. पहिल्या वेळी ज्याला गुण आला त्याला दुसऱ्या फेरीतही येण्याची शक्यता चांगली असते. त्यासाठी पहिल्या फेरीचा सारांश, म्हणजे पद्धत, ताकद, जागा, सत्रांची संख्या आणि सुरुवातीचे व शेवटचे गुण, केंद्राकडून लिहून घ्यावा आणि सेवेच्या कागदांबरोबर ठेवावा.

दादांचे नैराश्य बरेच उतरले. रात्रीची स्वप्ने राहिली आणि त्यांच्यासाठी समुपदेशकाकडे जाणे आजही चालू आहे. डॉक्टरांनी आम्हाला, आजार परत येताना सर्वांत आधी काय बदलते ते शोधून ठेवायला सांगितले होते. वही चाळल्यावर ते सापडले. दादांचे वाईट दिवस सुरू होण्यापूर्वी चार-पाच दिवस ते पहाटेची दाढी करणे सोडतात. वहिनींनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर तेवढेच लिहिले आहे, ‘दाढी दोन दिवस नाही – डॉक्टरांना फोन’, आणि त्याखाली रुग्णालयाचा क्रमांक.